रक्त आणि रिवाज : डॉ. वसंत रामजी खानोलकर

पेडणे तालुक्याच्या टोकाला, दोडामार्गाच्या सीमेला टेकलेल्या इब्रामपुरात सोयरीक ठरते तेव्हा राज्याची हद्द कोणी पाहत नाही. इकडच्या मुली पलीकडे नांदायला जातात, पलीकडच्या सुना इकडे येतात. पिढ्यान्‌पिढ्या ही घरे एकमेकांत गुंतलेली आहेत. गोमंतकात काय आणि कोकणात काय, सोयरिकीच्या बोलण्यात कुळ आणि शेतीवाडीबरोबर आणखी एक चौकशी दबक्या आवाजात होत आली आहे, ती म्हणजे घराण्यात कोणते दुखणे आहे याची. एके काळी रक्तपिती, क्षय आणि वेड यांची धास्ती होती. पुढे कर्करोग आणि मधुमेह यांची भर पडली. चुलता ज्या दुखण्याने गेला त्याच दुखण्याने पुतण्या गेला, की ते दुखणे त्या घराच्या रक्तातच आहे असा निवाडा गाव देऊन मोकळा होतो. त्या निवाड्यापायी धडधाकट मुलींची लग्ने मोडतात.

हा निवाडा कितपत खरा? कुटुंबात पुन्हा पुन्हा दिसणारा रोग रक्तातून येतो, की एकाच घरातल्या सवयींतून? भारतात या प्रश्नाला प्रयोगशाळेची आणि आकडेवारीची शिस्त ज्यांनी आरंभीच्या काळात लावली, त्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे स्थान फार वरचे आहे. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ते वैद्यकविश्वाला परिचित आहेत. रोग आणि वंश यांच्या नात्याविषयी त्यांनी केलेले काम मात्र त्या मानाने कमी सांगितले जाते.

खानोलकर हे आडनाव वेंगुर्ल्याजवळच्या खानोली गावावरून आलेले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पेडणे महाल आणि खानोलीचा मुलूख एकाच सावंतवाडीकरांच्या अमलाखाली होता, त्यामुळे या आडनावाची माणसे सीमेच्या दोन्ही बाजूंना आढळावीत यात नवल नाही. गोमंतक मराठा समाजाच्या नामवंतांत डॉक्टरांचे नाव आदराने घेतले जाते. जन्माने माथी मारलेला व्यवसाय आणि त्याबरोबरचा कलंक झुगारून शिक्षणाच्या बळावर उभा राहिलेला हा समाज. जन्मावरून माणसाची किंमत ठरवण्याच्या वृत्तीविरुद्धचा तो लढा आणि डॉक्टरांचे संशोधन यांची सांगड घालण्याचा मोह होतो. पण तसा पुरावा हाती नसताना तो आवरलेला बरा.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये विकृतिशास्त्रातील एम. डी. पदवी घेऊन ते मायदेशी परतले. विलायतेची पदवी घेऊन आलेला डॉक्टर त्या काळी मुंबईत दवाखाना थाटून सहज श्रीमंत होऊ शकत असे. विकृतिशास्त्रात ना पैसा होता ना प्रसिद्धी. मृतदेह, काचपट्ट्या आणि सूक्ष्मदर्शक एवढाच त्याचा पसारा. खानोलकरांनी तोच पत्करला. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि त्यानंतर परळचे सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज येथे त्यांनी हा विषय शिकवला. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले, तेव्हा तेथील प्रयोगशाळा आणि संशोधन यांची धुरा त्यांच्याकडे आली.

ते रुग्णालय गिरणगावात होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. दारात येणाऱ्या रुग्णांत गिरणीकामगार होते, गुजराती व्यापारी होते, पारशी स्त्रिया होत्या, घाटावरचे शेतकरी आणि कोकणपट्टीतून पोटासाठी आलेली माणसे होती. भारतीयांना कर्करोग फारसा होतच नाही, असा एक समज तेव्हा युरोपीय वैद्यांत रूढ होता. त्यामागे वंशाचा तर्क असे. एतद्देशीयांच्या रक्तातच काही वेगळे असावे, असे मानले जाई. खरे कारण बरेच साधे होते. बहुतेक माणसे कर्करोगाच्या वयापर्यंत जगतच नव्हती. जी जगत, त्यांच्या रोगाचे निदान होत नसे आणि मृत्यूनंतर शवविच्छेदनही होत नसे. १९४४ मध्ये खानोलकरांनी मुंबईतील मुखाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला, आणि पुढच्याच वर्षी भारतीयांच्या कर्करोगप्रवणतेवर स्वतंत्र निबंध लिहिला. रोग भरपूर होता. फक्त तो युरोपात आढळतो त्याहून वेगळ्या अवयवांत होता.

तो वेगळ्या अवयवांत का, हा प्रश्न मग आपोआप पुढे आला. रक्त वेगळे म्हणून, की राहणी वेगळी म्हणून?

हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. समजा, एखादा रोग समाजात शंभरांतल्या एकाला होतो. पण रुग्णाच्या सख्ख्या भावंडांत तो शंभरांतल्या पाचांना होतो. भावंडांना धोका पाचपट आहे, एवढे यातून कळते. तो कशामुळे, हे कळत नाही. भावंडांचे निम्मे आनुवंशिक द्रव्य सरासरीने सारखे असते. पण त्यांचे स्वयंपाकघरही एकच, विहीर एकच, आणि आजोबांचा पानाचा डबाही एकच. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज पंडिताने १८७५ मध्ये जुळ्यांचा अभ्यास करून ही गाठ सोडवण्याची वाट सुचवली. १९१८ मध्ये रोनाल्ड फिशर यांनी नातेवाइकांमधील साम्यावरून आनुवंशिक वाटा मोजण्याचे गणित मांडले. एकसारखी दिसणारी जुळी एकाच बीजापासून झालेली असतात, बाकीची जुळी साध्या भावंडांइकीच जवळची. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात वाढतात. म्हणून पहिल्या प्रकारच्या जोड्यांत रोगाचे साम्य जितके जास्त आढळेल, तितका रक्ताचा हात मोठा असे अनुमान काढता येते. पण त्यासाठी हजारो जुळ्यांची नोंद लागते. चाळीसच्या दशकातील मुंबईत ती कोठून आणणार?

खानोलकर आणि त्यांचे तरुण सहकारी ल. द. संघवी यांना या देशातच एक निराळी सोय दिसली. आपल्याकडे लग्ने शतकानुशतके जातीच्या आत होत आली. त्यामुळे प्रत्येक जात म्हणजे एक विस्तारलेले कुटुंबच झाले. अनेक जाती शेजारी शेजारी राहतात, एकाच हवेत श्वास घेतात, तरी त्यांचे रक्त मिसळत नाही. सामाजिक दृष्टीने ही व्यवस्था कितीही अन्याय्य असो, आनुवंशिकीच्या अभ्यासकासाठी ती आयती मांडून ठेवलेली सामग्री होती. १९४९ मध्ये दोघांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांतील सात आनुवंशिक लक्षणांची आकडेवारी लंडनच्या एका नियतकालिकात छापली. रक्तगटांसारख्या या लक्षणांचे प्रमाण गटागटांत बदलते, हे त्यातून दिसले. पुढे १९५६ मध्ये संघवींनी आपल्या सहकाऱ्यांसह मुंबईतील बारा गटांत जवळच्या नात्यातील विवाहांचे प्रमाण मोजले. मामाच्या मुलीवर हक्क सांगणाऱ्या आपल्या समाजात हा विषय पुस्तकी नव्हता. आईवडील जवळच्या नात्यातले असतील, तर दोघांकडून एकच सुप्त दोष मुलाकडे येण्याची शक्यता वाढते.

ज्या नियतकालिकात हा पहिला निबंध आला, त्याच्या नावातच सुप्रजननशास्त्र हा शब्द होता. १९५४ मध्ये ते नाव बदलून मानवी आनुवंशिकीचे करण्यात आले, आणि त्याला सबळ कारण होते. जुलै १९३३ मध्ये जर्मनीत नात्झी सरकारने एक कायदा केला. जन्मजात मानसिक दुर्बलता, अपस्मार, छिन्नमनस्कता, आनुवंशिक अंधत्व आणि बहिरेपण असलेल्या माणसांचे सक्तीने निर्बीजीकरण करण्याची त्यात तरतूद होती. कुटुंबात रोग दिसतो, म्हणजे तो रक्तात आहे आणि म्हणून ते रक्त थांबवले पाहिजे, अशी ती विचारसरणी. सोयरिकीच्या बैठकीतला निवाडा राज्यसत्तेच्या हाती गेला की काय होते, ते जगाने पाहिले. या पार्श्वभूमीवर जातींचे रक्त तपासणाऱ्या दोन भारतीयांनी उच्चनीचतेची उतरंड न लावता लक्षणांचे प्रमाण तेवढे नोंदवले, याचे मोल आज अधिक जाणवते.

रक्ताची बाजू अशी मोजली जात असताना रिवाजांची बाजू कर्करोगाच्या वॉर्डात उलगडत होती. १९४५ मध्ये खानोलकरांनी सूर्याबाई या सहसंशोधकांबरोबर चालीरीतींशी निगडित कर्करोगांवर निबंध लिहिला. भारताच्या विविध भागांत दिसणारे तीन नवे प्रकार त्यात मांडले होते. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची पद्धत आहे. तेथे टाळूला कर्करोग होतो. तंबाखू आणि चुना एकत्र मळून खालच्या ओठामागे धरणाऱ्यांना नेमका त्याच जागी होतो. धोतर वर्षानुवर्षे कंबरेशी आवळून नेसल्याने जेथे काच पडतो, त्या कातडीवरही तो उद्भवू शकतो. काश्मिरात पोटाशी निखाऱ्यांची कांगडी धरणाऱ्यांना पोटाच्या त्वचेचा कर्करोग होतो, हे एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होतेच. रोगाची जागा रिवाजाच्या जागेवर इतकी अचूक बसत असेल, तर रक्ताला दोष देणे अवघड होते.

हा तर्क कितीही पटणारा असला तरी तो सिद्धता नव्हे. तंबाखू खाणारा प्रत्येक जण कर्करोगाने मरत नाही, हे कोणताही खेडूत सांगेल. म्हणून संघवी, के. सी. एम. राव आणि खानोलकर यांनी टाटा रुग्णालयातील कर्करोगाच्या रुग्णांची तुलना कर्करोग नसलेल्या माणसांशी केली आणि १९५५ मध्ये तिचे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केले. तंबाखू चघळण्याचा संबंध तोंडाच्या कर्करोगाशी, तर विडी ओढण्याचा जिभेच्या मुळाशी आणि घशाच्या कर्करोगाशी असल्याचे तीत दिसले. विलायतेत सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते नुकतेच सिद्ध होत होते. त्याच सुमारास परळच्या एका रुग्णालयात, अपुऱ्या साधनांनिशी, तशाच तोलाचे काम उभे राहिले.

खानोलकरांचा दुसरा मोठा विषय कुष्ठरोग होता, आणि कुटुंबाच्या पुराव्याने शास्त्रज्ञ कसे फसतात याचे त्याहून बोलके उदाहरण नाही. नॉर्वेत डॅनियलसन आणि बोएक या नामांकित वैद्यांनी १८४७ मध्ये कुष्ठ आनुवंशिक असल्याचे प्रतिपादन केले होते. आधार एकच, रोग घराण्याघराण्यांत दिसतो. त्याच देशात १८७३ मध्ये हॅन्सेन यांनी कुष्ठाचा जंतू शोधून काढला. घराणे एक होते हे खरे, पण एका छपराखालचा दीर्घ सहवासही एकच होता. खानोलकरांनी कुष्ठाच्या अगदी आरंभीच्या चट्ट्यांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला आणि जंतू त्वचेतील मज्जातंतूंच्या आश्रयाने आपला शिरकाव करतात हे दाखवण्यावर भर दिला. त्यांच्या संस्थेत १९५८ मध्ये कुष्ठरुग्णापासून एक जंतू प्रयोगशाळेत वाढवण्यात आला. तो कुष्ठाचाच जंतू असल्याचा दावा मात्र पुढे टिकला नाही. तो दुसऱ्याच कुळातला निघाला. तरी त्यापासून पुढे प्रतिबंधक लस तयार करण्याचे प्रयत्न झाले.

येथे कथेला एक अनपेक्षित वळण आहे. १९७३ मध्ये चक्रवर्ती आणि फोगेल यांनी भारतातील १०२ जुळ्यांच्या जोड्यांत कुष्ठाचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकबीज जुळ्यांच्या ६२ जोड्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांत दोघांनाही रोग होता. द्विबीज जुळ्यांच्या ४० जोड्यांत हे प्रमाण २० टक्के होते. दोघेही रोगी असलेल्या जोड्या अभ्यासकाच्या नजरेला लवकर येतात, म्हणून हे आकडे थोडे फुगलेले असतील. तरीही फरक मोठा आहे. कुष्ठ जंतूनेच होतो, पण जंतू अंगात शिरल्यावर कोणाचे शरीर त्याला थोपवील आणि कोणाचे नाही, यात जन्मजात घडणीचाही वाटा असतो. रक्त की सहवास हा प्रश्न विचारण्याची रीतच अपुरी ठरली.

असाच धडा उंदरांनीही दिला होता. स्तनाच्या कर्करोगाला बळी पडणारे उंदरांचे काही वंश होते. मादीकडून तिच्या पिलांकडे रोग जाई, तेव्हा तो आनुवंशिक मानला जाणे स्वाभाविक होते. १९३६ मध्ये अमेरिकेत जॉन बिटनर यांनी जन्मतःच पिले बदलून निरोगी वंशाच्या मादीला पाजायला दिली, आणि रोग घटला. रोगाचे एक कारण रक्तात नव्हे, आईच्या दुधात होते. पुढे तो विषाणू असल्याचे ठरले. या क्षेत्रात मुंबईत ज्यांनी नाव कमावले त्या डॉ. कमल रणदिवे खानोलकरांच्याच विद्यार्थिनी. १९४९ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवून त्या अमेरिकेत जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत शिकल्या आणि परत येऊन त्यांनी देशातील पहिली ऊतक-संवर्धन प्रयोगशाळा उभारली. स्तनाच्या कर्करोगात वंश, संप्रेरके आणि विषाणू यांचे परस्परसंबंध हा त्यांच्या संशोधनाचा गाभा होता.

मानसन्मान खानोलकरांकडे चालत आले. भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक, विकृतिशास्त्रज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेचे पहिले अध्यक्ष, १९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक, पद्मभूषण, आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्ष, अणुकिरणांच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीत भारताचे प्रतिनिधी. किरणोत्सर्गाने पुढच्या पिढ्यांत दोष उतरतात का, हा त्या समितीपुढचा एक मुख्य प्रश्न होता, म्हणजे तेथेही विषय वंशाचाच. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर ही मोजणी पुष्कळ पुढे गेली. २००० साली स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड येथील ४४,७८८ जुळ्यांच्या जोड्यांवरून विविध कर्करोगांतील आनुवंशिक वाट्याचा अंदाज बांधण्यात आला. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगात ४२ टक्के, मोठ्या आतड्याच्या ३५, स्तनाच्या २७. या आकड्यांचा अर्थ लावताना सुशिक्षितही चुकतात. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी सत्तावीस जणींना तो रक्तातून आला, असे यात म्हटलेले नाही. त्या समाजात माणसामाणसांत रोगप्रवणतेचा जो फरक आहे, त्यापैकी एवढा वाटा आनुवंशिक फरकाचा आहे, इतकेच यातून कळते. समाज बदलला की आकडाही बदलतो. एखाद्या गावात झाडून सारे सारखीच तंबाखू खात असतील, तर कोणाला रोग झाला आणि कोणाला नाही यातला उरलेला फरक बव्हंशी रक्ताचाच दिसेल. आणि आनुवंशिकतेचा मोठा आकडा पाहून तंबाखू निर्दोष ठरवणारा त्या गावाचा घात करील. आकड्यामागचा रिवाज आधी पाहावा लागतो, आणि खानोलकरांच्या कामाचा क्रमही तोच होता. गोव्याने १९९७ मध्ये धूम्रपान आणि थुंकण्यावर बंदी घालणारा कायदा केला, तो देशातल्या आरंभीच्या अशा कायद्यांपैकी होता.

मात्र काही घराण्यांत रक्ताचा दोष खरोखरच असतो, हेही तितकेच सिद्ध झाले आहे. १९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी स्तनाच्या कर्करोगाचे १४६ रुग्ण असलेल्या २३ कुटुंबांच्या वंशावळी तपासून सतराव्या गुणसूत्रावर त्याला कारण असलेल्या जनुकाची जागा दाखवली. अशी घराणी थोडी असतात. पण ज्या घरात ते जनुक बदललेले आहे, तेथील स्त्रियांसाठी ती माहिती जीवनमरणाची ठरते. मुंबईच्या पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग इतर समाजांपेक्षा अधिक आढळतो, हे जुने निरीक्षण आहे. लग्न उशिरा, मुले थोडी, आणि समाज लहान व स्वतःतच विवाह करणारा. येथे रक्त आणि रिवाज यांचे धागे पूर्णपणे सुटे करणे आजही कठीण आहे.

परळच्या त्या संशोधनसंस्थेने पुढे नवी मुंबईत खारघरला नवे आवार उभारले. तेथील संशोधन इमारतीला खानोलकर शोधिका असे नाव आहे. टाटा मेमोरियल केंद्राच्या कर्करोग-आनुवंशिकी विभागात आज कुटुंबे सल्ल्यासाठी येतात. तेथे आधी वंशावळ काढली जाते. आईकडचे कोण, वडिलांकडचे कोण, कोणाला कोणत्या अवयवाचा रोग झाला, कोणत्या वयात झाला, हे एकेक करून विचारले जाते आणि गरज भासली तरच रक्त तपासले जाते. तपासणीत दोष आढळला नाही, तर त्या घरातील मुलींना तसे स्पष्ट सांगितले जाते.